काथ्या घातला आणि काँक्रीटच्या क्यूबची ताकद घसरली, विषय बदलू का?

खाडीकाठ:
नमस्कार. घर वेंगुर्ल्याजवळ, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. आमच्या परसातल्या नारळांची सोडणं वर्षभर चुलीत जातात, म्हणून प्रोजेक्टला काथ्याचं काँक्रीट घेतलं. एम२० (म्हणजे २८ दिवसांनी २० एमपीए ताकदीचं काँक्रीट), काथ्या ३० मिमी कापलेला, सिमेंटच्या वजनाच्या १ टक्का. मिक्सरमध्ये टाकताच माल आवळला, काथ्याचे गोळे झाले, स्लंप (ओला माल किती बसतो त्याचं माप) जेमतेम १० मिमी. मग अंदाजानं पाणी वाढवलं. २८ दिवसांनी मशीनवर दाबून बघितलं: बिनकाथ्याचा साधा क्यूब (चाचणीचा ठोकळा) २६ एमपीए, काथ्याचा १९. सगळे म्हणतात विषय बदल. पण साधा क्यूब मशीनवर फुटला तेव्हा कपच्या उडाल्या. काथ्याचा भेगाळला, तरी उचलून बाजूला ठेवेपर्यंत अखंड होता. ते डोक्यातून जात नाही.

साइटवरचा_नाना:
विषय अजिबात बदलू नकोस. हिशेब कर. १ टक्का म्हणजे घनमीटरला साधारण साडेतीन किलो काथ्या. तो पिणार चार-पाच लिटर. तू त्याच्या कितीतरी पट ओतलं असशील. ताकद मुख्यतः त्या पाण्यानं खाल्ली. काथ्या आदल्या दिवशी भिजत घाल, वरचं पाणी सुकलं की पिंजून थोडा थोडा सोड. प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आण. माल आवळला तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापर, नळीचं पाणी नको.
दाबाखाली ताकद वाढेल ही आशा मात्र धरू नकोस. काथ्याचा मॉड्युलस (ताठपणा) ४-६ जीपीए, काँक्रीटचा २० च्या वर. काथ्याचं काम भेग पडल्यावर सुरू होतं. तो तुटण्याआधी २०-३० टक्के ताणतो, भेगेचे दोन्ही काठ धरून ठेवतो. तू क्यूबमध्ये नेमकं तेच पाहिलंस! आता १०० × १०० × ५०० मिमीचे बीम ओत, वाकवून बघ, आणि भेग पडल्यावरही रीडिंग घेत राहा.

मालवणची_मंदा:
सोडणं खाडीत कुजवलीत का? मग काथ्यात मीठ आहे. गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा, नाहीतर सळई गंजेल. आणि सिमेंटचा क्षार काथ्याला हळूहळू ठिसूळ करतो. थोडं सिमेंट कमी करून फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) घाला, काही बीम सहा महिन्यांनी तोडायला राखून ठेवा.

खाडीकाठ:
होय ताई, खाडीतच. नाना, पहिली बादली धुऊन भिजत घातली. सकाळी वजन करून किती पाणी प्यायला ते आधी मोजतो.