पाईपचा तंबाखू वासाला पेढा आणि ओढला की गरम पाणी, असं काऊन?

तर्री_पोहा
मंडळी प्रश्न थोडा येडपट वाटेल पण दोन महिन्यांपासून डोक्यात फिरून राहिला आहे. मार्चमध्ये भाऊजी दुबईहून आले तेव्हा माझ्यासाठी मक्याच्या कणसाचा पाईप आणि एक पाऊच घेऊन आले, सिगरेट मी सोडून सहा वर्षं झाली पण म्हटलं पाईप म्हणजे महिन्यातून एखाद-दोनदा, चालते. पाऊच उघडलं तर काय सांगू, व्हॅनिला, गूळ, थोडा कोकोसारखा वास, मी तर आठवडाभर नुसता हुंगतच होतो, ओढलाच नाही.

मग एका रविवारी गॅलरीत बसून पेटवला. बायको, जिला अगरबत्तीचाही त्रास होते, ती आतून म्हणते किती छान वास येऊन राहिला, कोणाच्या घरी केक भाजून राहिले काय. आणि मला तोंडात काय लागलं तर गरम वाफ. बस. ना व्हॅनिला ना गूळ, आणि दहा मिनिटांनी जिभेचं टोक असं झालं की पानात चुना जास्त पडला की होते नं, डिट्टो तसं. चारपाच वेळा झालं हे. म्हणजे मजा सगळी बाजूवाल्यांची आणि जीभ माझी भाजून राहिली.

माल नकली आहे का? की मला ओढता येत नाही? की पाईप असाच असते? पाऊचवर ब्लॅक कॅव्हेंडिश लिहिलं आहे, कॅव्हेंडिश म्हणजे पानाची जात आहे असं मी समजतो, चुकत असेल तर सांगा.

जुना_खाणवाला
नकली नाही भाऊ, अस्सलच आहे, आणि तुम्हाला जे झालं ते प्रत्येकाला पहिल्या पाऊचला होतं. मी ३४ वर्षं ओढतोय, उमरेडच्या साईटवर असल्यापासून, माझाही पहिला डबा चेरीचा होता आणि मी तो अर्धा फेकला होता.

आधी कॅव्हेंडिशचं. ती पानाची जात नाही, करण्याची पद्धत आहे. व्हर्जिनिया नाहीतर बर्ली (या झाल्या पानाच्या जाती) पान घ्यायचं, गोड पाण्यात मुरवायचं, वाफ द्यायची, दाबून ठेवायचं. त्यात पानाचा स्वतःचा स्वभाव बराचसा निघून जातो, उरतो तो मऊ काळा स्पंजासारखा तंबाखू, जो वरून टाकाल ते पिऊन घेतो. आणि मग वरून टाकतात. यात दोन टप्पे असतात, एक केसिंग, म्हणजे साखर, ज्येष्ठमध, कोको वगैरे पानात आधी मुरवतात ते, आणि दुसरं टॉपिंग, ते सगळ्यात शेवटी फवारतात. पाऊच उघडल्यावर तुम्हाला जो पेढा येतो तो बहुतेक टॉपिंगचा. आपल्याकडे सुगंधी सुपारीला अत्तर मारतात तसं समजा. सुपारी ती सुपारीच.

आता जिभेचं. असल्या तंबाखूत प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं बऱ्याचदा, ओलावा धरून ठेवायला. तुम्ही एक करा, चिमूटभर तंबाखू कागदावर पसरून ठेवा आणि शेजारी मूठभर पोहे ठेवा. मे महिन्यातलं नागपूर आहे, पोहे तासाभरात कडकडीत होतील आणि तंबाखू अजून बोटाला चिकटत असेल. तो ओला माल पेटत नाही, म्हणून तुम्ही जोरात ओढता, जोरात ओढलं की विस्तव भडकतो आणि आतल्या पाण्याची वाफ थेट जिभेवर. तुम्ही तंबाखू ओढलाच नाही, कुकरची शिट्टी तोंडात धरली.

तर पंख्याखाली अर्धा तास पसरून ठेवा, कूलरसमोर नको, कूलरची हवा दमट असते. भरताना खाली सैल, वर थोडं घट्ट. पहिल्यांदा नुसतं वरचं काळं होईपर्यंत पेटवायचं, ते फुगून वर येतं, हलक्या हातानं दाबायचं, मग दुसऱ्यांदा पेटवायचं. आणि ओढायचं म्हणजे चहा बशीत ओतून फुरका मारतो तेवढंच. विझला तर विझू द्या, परत पेटवा, त्यात कमीपणा नाही. पाईपची वाटी, म्हणजे तंबाखू भरतो तो भाग, हाताला सहन होईना इतकी तापली तर थांबा.

कणसाच्या पाईपला हलकं समजू नका, अमेरिकेत मिसुरी राज्यात १८६९ पासून बनतायत, शिकायला बेस्ट. फक्त त्यात हा व्हॅनिला ओढला की पुढच्या तंबाखूलाही व्हॅनिलाचा वास लागणार, लसणाच्या खलबत्त्यात वेलची कुटल्यासारखं.

नाकपुडी_४४००१०
मी एलआयटीतून (नागपूरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) फूड टेक केलंय आणि फ्लेवरच्याच लाईनमध्ये आहे, पाईप आयुष्यात दोनदा ओढला असेल, पण हा प्रश्न माझ्या गल्लीतला आहे.

सरळ सांगायचं तर जीभ फार गरीब आहे. तिला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. व्हॅनिला, संत्रं, वेलची हे सगळं नाकाचं काम. आणि नाकाला दोन दारं आहेत, एक पुढचं, ज्यानं तुम्ही पाऊच हुंगता, आणि एक मागचं, घशाच्या वरून, जिथून खाताना वास वर जातो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी या मागच्या दारानं येते.

विश्वास नसेल तर संत्रा बर्फी आणा. नाक घट्ट धरा, तुकडा तोंडात टाका, चावा. नुसती साखर लागेल, संत्रं गायब. आता नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका, धाडकन संत्रं येईल. हे आमच्या बॅचनं कॅन्टीनमध्ये पैजा लावून केलंय.

आता पाईपकडे. तुम्ही धूर तोंडात घेता आणि तोंडातूनच सोडता, मागचं दार बंदच. छातीत घ्यायचा नसतो हे तुम्हाला माहीतच असेल. जुने लोक धूर तोंडात ठेवून त्यातला अगदी थोडा, चहाचा चमचाभर म्हणा, नाकानं बाहेर सोडतात, तिथं खरी चव कळते. पहिल्यांदा नाकात झणका बसतो. ती चव नाही बरं का, ती चुरचुर आहे, जशी सावजीची तिखट ही चव नसून जळजळ आहे (हे आपल्या गावात बोलणं रिस्की आहे).

दुसरी गोष्ट, व्हॅनिलाचा वास ज्यापासून येतो ते व्हॅनिलीन ८१-८२ डिग्रीलाच वितळतं. विस्तव काही शे डिग्रीचा. म्हणजे विस्तव खाली पोचायच्या आधीच खालच्या तंबाखूतलं सुगंधी द्रव्य तापून उडायला लागतं, त्यातलं काही तुमच्या तोंडात येतं, काही सरळ वाटीतून वर हवेत, आणि जे विस्तवात सापडतं ते जळून भलतंच काहीतरी होतं. म्हणून पहिली पाच मिनिटं थोडी चव येते आणि मग पुठ्ठा जळल्यासारखं. वहिनींना मात्र गॅलरीतून आत जाईपर्यंत थंड झालेला, हवेत मिसळलेला धूर मिळतो, पुढच्या दारानं, त्यांना सगळ्यात चांगला वाटा मिळतो. तुम्ही धुराच्या मधोमध बसलेले, तुमचं नाक दोन मिनिटात बधिर. कळमन्याच्या मिरची मार्केटात आपण शिंकून शिंकून बेजार आणि तिथला माणूस आरामात डबा खात असतो, तसंच.

आणि हो, घरातलं व्हॅनिला इसेन्स कधी थेंबभर चाटून पाहा. कडू जहर. गोड वाटतो तो वास, कारण आपण तो कायम आईस्क्रीममध्येच खाल्लाय.

खर्राप्रेमी_महाल
एवढं शास्त्र? भाऊ आपला खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून) घ्या, पन्नीत घोटताना वास काही खास नाही, तोंडात गेला की दुनिया बदलते 😂 नो वाफ नो केक

दाढदुखी_डॉक्टर
वरच्या खर्रावाल्या दादा, दर आठवड्याला तुमच्यासारखे तीनचार जण येतात, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, सुपारीनं आतली कातडी ताठ होते म्हणून. हसण्यावारी नेऊ नका, एकदा दाखवून घ्या.

तर्री_पोहा, पाईपबद्दल एकच. धूर छातीत घेत नाही म्हणून काही होत नाही असं नसतं. पाईपच्या तंबाखूचा धूर बऱ्याचदा अल्कलीकडे झुकणारा असतो, त्यामुळे निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि ओठ, जीभ, टाळू यांच्या कॅन्सरचा धोका आहेच. बरीच वर्षं पाईप ओढणाऱ्यांचा टाळू पांढरट होऊन त्यावर लाल ठिपके आलेले आम्ही बघतो, त्यात उष्णतेचा मोठा हात असतो. जीभ भाजणं हे शिकाऊपणाचं लक्षण म्हणून सोडून देऊ नका. आणि धूम्रपानानं वास घ्यायची ताकदही कमी होते, म्हणजे ज्या वासासाठी हे चाललंय तोच आधी जातो.

उन्हाळी_वाळवण
मी ओढत नाही पण वीस वर्षं पाईपच्या घरात राहिले म्हणून बोलते. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, रोज संध्याकाळी पाईप ओढायचे, धरमपेठच्या जुन्या घरात, ओसरीवर. लग्न होऊन आले तेव्हा मला तो वास इतका आवडायचा की मी चहा घेऊन मुद्दाम तिथंच बसायची. पण तो संध्याकाळचा वास. सकाळी झाडायला ओसरीवर गेलं की पडद्यांना, गादीच्या खोळीला जो वास असायचा तो ओल्या राखेचा, विझवलेल्या चुलीत पाणी पडलं की येतो तसा. दोन्ही एकाच तंबाखूचे. केकवाल्या ताईंना सांगा पडदे धुवायला काढून ठेवा.

गंमत म्हणजे मामाजी स्वतः तो गोड तंबाखू पाहुणे आले तरच काढायचे. एकटे असले की एका चपट्या डब्यातला काळा तंबाखू, त्याला टायर जळल्यासारखा वास, आत्याबाई (सासूबाई) खिडक्या लावून घ्यायच्या. मी एकदा विचारलं मामाजी हा घाणेरडा का ओढता, तर म्हणाले तो गोडवाला तुमच्यासाठी, हा माझ्यासाठी. तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत.

जुना_खाणवाला
@उन्हाळी_वाळवण चेष्टा नाही ताई, तुमच्या सासऱ्यांनी एका वाक्यात सांगितलं जे मी चार परिच्छेदात सांगू शकलो नाही. तो काळा म्हणजे लाटाकिया असणार. मूळ सीरियाच्या लाटाकिया बंदरावरून नाव, आता बहुतेक सायप्रसमध्ये बनतो, लाकडाच्या आणि झुडपांच्या धुरावर पान महिनोन्‌महिने धुरावतात. डबा उघडला की जळकं लाकूड, चामडं, डांबर. घरचे हाकलून देतात. पण तोंडात? तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आठवा, जळकट वास आहे पण आत गोडसर, गार, मऊ. बाहेर जितका उग्र तितका आत शांत. व्हॅनिलाच्या बरोब्बर उलट.

व्हर्जिनिया मधला. डब्यात वाळलेलं गवत, मनुका, कधी किंचित व्हिनेगर. खोलीत वास साधा, कोणी केक म्हणणार नाही. पण हळू ओढला तर भाजलेल्या पावाच्या कडेसारखी गोडी येते, ती पानातल्याच साखरेची, फवारलेली नाही. घाईत ओढाल तर मात्र व्हॅनिलापेक्षाही जास्त चावतो. बर्लीत साखर जवळजवळ नसते, शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा. आणि पेरिक म्हणून एक आहे, लुइझियानात सेंट जेम्स परगण्यात पिंपात दाबून आंबवतात, वासाला आंबलेलं आलुबुखार आणि नाकातून सोडला तर मिरपूड. नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये.

म्हणून दुकानात डबा हुंगून तंबाखू निवडू नका. माझा अनुभव असा की टॉपिंग जितकं जास्त तितकी ओढताना निराशा जास्त. अर्थात डॉक्टर म्हणतात तेही खरं, मीही आता जीभ डॉक्टरांकडून तपासून घेतो.

तर्री_पोहा
सगळ्यांचे आभार, डॉक्टर साहेब तुमचंही. काल करून पाहिलं. पस्तीस मिनिटं पंख्याखाली पेपरवर पसरवला (पोह्यांचा प्रयोग पण केला, पोहे हरले), वर सांगितल्यासारखा भरला, तीनदा विझला, तिन्हीदा शांततेत पेटवला. जीभ अजिबात भाजली नाही!! नाकातून सोडायचा प्रयत्न केला तर पहिल्यांदा डोळ्यातून पाणी आणि शिंका, दुसऱ्यांदा मात्र दोन सेकंद, शप्पथ, गुळाचा काकवीसारखा वास आला आतून, मग गेला. शेवटी शेवटी पुठ्ठाच होता.

बायको आतून म्हणे आज केक नाही का भाजला कोणी. म्हणजे वास वाळवताना उडाला की हळू ओढल्यामुळे कमी धूर झाला, माहीत नाही. पडद्यांचं वाचून दाखवलं तर तेव्हापासून गॅलरीचं दार लावून घेऊन राहिली. पाऊच आता भाऊजींना परत द्यावं म्हणतो, हुंगायला थोडा ठेवून.

नाकपुडी_४४००१०
वाळवताना टॉपिंग थोडं उडतंच, आणि हळू ओढलं की बाजूला जाणारा धूरही कमी, दोन्ही खरं. हुंगायला ठेवायचा तर काचेच्या बरणीत ठेवा, झाकण घट्ट.

खर्राप्रेमी_महाल
डॉक्टर साहेब सोमवारी येतो दाखवायला, क्लिनिक कुठं आहे ते मेसेज करा. बाकी ते संत्रा बर्फीवालं ऑफिसमध्ये केलं, सहा जण नाक धरून बसलो होतो आणि तेवढ्यात साहेब आले