‘अनंतकाळात गुंतवणूक’ : हा शब्द इथे बसतो का?

प्रश्न : ‘आयुष्य थोडं आहे, अनंतकाळात गुंतवणूक करा’ हे वाक्य हल्ली उपदेशांत फार ऐकू येतं. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. मराठी पवित्र शास्त्रात या अर्थाने कोणता शब्द आलाय? एका छोट्या पत्रकासाठी हवा आहे.

प्रतिसाद : मत्तय 6:19-20 मध्ये ‘साठवणे’ आहे. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, स्वर्गात साठवा. ग्रीकमध्ये तिथे नाम आणि क्रियापद एकाच मुळातले आहेत, ‘साठे साठवू नका’ म्हणावं तसे. वचनात कापड खाणारी कसर येते कारण तेव्हा भारी कापड ही संपत्तीच होती. आणि ‘चोर घर फोडतात’ हे तर भाषांतरकारांना अचूक साधलंय. मूळ क्रियापद खणून आरपार जाण्याचं आहे. भिंती मातीच्या, त्यामुळे चोर दाराच्या वाटेला जायचाच नाही. आपली घरफोडी हीच.

प्रतिसाद : ‘गुंतवणूक’ला माझा विरोधच. त्यात ‘गुंतणे’ आहे, आणि उपदेश तर न गुंतण्याचा चाललेला असतो! शिवाय परताव्याचा हिशेब आपोआप आत शिरतो. देवाला दहा द्या, शंभर मिळतील, ही शिकवण याच शब्दाच्या आडोशाने फोफावते.

प्रतिसाद : इतकंही सोवळं नको. मत्तय 25 मध्ये धनी चाकराला सुनावतो की पैसा सावकाराकडे ठेवला असतास तर व्याजासकट परत आला असता. इफिस 1:14 मध्ये पवित्र आत्मा आपल्या वतनाचा ‘विसार’ आहे. विसार म्हणजे सौदा पक्का करताना आधी दिलेली रक्कम. ग्रीकमधला ‘अर्राबोन’ हा शब्द मुळात सेमिटिक व्यापाऱ्यांचा. उत्पत्ती 38 मध्ये यहूदा करडू पाठवीपर्यंत मुद्रा, गोफ नि काठी गहाण ठेवतो, तिथे त्याचंच हिब्रू रूप येतं. बाजाराची भाषा शास्त्राला वर्ज्य नाही. फक्त इफिसच्या वचनात विसार देव देतो, आपण नाही. तेवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ गोंधळ मिटतो.

प्रश्नकर्ती : आणि आयुष्य थोडं, यासाठी ‘क्षणभंगुर’ चालेल?

प्रतिसाद : चालेल, पण ‘भंगुर’मध्ये मोडणं आहे. याकोबाच्या पत्रातली प्रतिमा मोडण्याची नाही, विरण्याची आहे. याकोब 4:14 : तुम्ही वाफ आहात, थोडा वेळ दिसते, मग दिसेनाशी होते. ‘उपदेशक’ या पुस्तकातल्या ‘व्यर्थ, व्यर्थ’ मागे ‘हेवेल’ हा हिब्रू शब्द आहे. त्याचाही मूळ अर्थ श्वास, वाफ. ‘व्यर्थ’ म्हटलं की सगळं निरर्थक असा निकाल लागतो. ‘हेवेल’मध्ये हातात न येणंही आहे.

याकोबाचं वचन मयताच्या वेळी हमखास वाचतात, पण आधीची ओळ कोणी वाचत नाही. ते बोलणं व्यापाऱ्यांना उद्देशून आहे : आज-उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, कमावू. वाफेचं वचन अशा बेत आखणाऱ्यांना ऐकवलंय. पत्रकात दोन्ही ओळी एकत्र घ्या.

लूक 12 मधल्या, मोठी कोठारं बांधायचा बेत करणाऱ्या श्रीमंतालाही तसंच ऐकवलंय. ‘आज रात्री तुझा जीव मागितला जाईल’ यातलं ग्रीक क्रियापद दिलेलं परत मागण्याचं आहे. मराठीत नुसतं ‘मागितला’ आल्याने ती धार बोथट होते. जीव त्याच्या मालकीचा नव्हताच, त्याच्याकडे नुसता ठेवलेला होता.

प्रतिसाद : माझं मत ‘उसने’ला. नीतिसूत्रे 19:17 म्हणतं, जो गरिबावर दया करतो तो परमेश्वराला उसने देतो. उसनं दिलेल्यावर व्याज नसतं. वाटीभर साखर दिली तर वाटीभरच परत येते. फेडीचा भरवसा आहे, नफ्याचा वास नाही. आणि कर्ज गरिबाच्या नावावर न चढता देवाच्या नावावर चढतं, त्यामुळे देणाऱ्याला गरिबासमोर ताठायला जागा उरत नाही.

प्रश्नकर्ती : सुरेख आहे, पण ‘अनंतकाळाला उसने द्या’ कसं म्हणणार?

प्रतिसाद : म्हणूच नका. अडचण ‘अनंतकाळात’ याच रूपात आहे. काळ हे काही देण्या-ठेवण्याचं ठिकाण नव्हे. ‘सार्वकालिक जीवन’सुद्धा योहान 17:3 मध्ये देवाला आणि येशू ख्रिस्ताला ओळखणं असं सांगितलंय, म्हणजे ते मेल्यावर सुरू होणारं खातं नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘ठेव’ हा शब्द आहे, तो घ्या : ‘देवाजवळ ठेव ठेवा’. पुढे नीतिसूत्रांचं वचन द्या, म्हणजे ठेवायची कशी तेही कळेल. मथळ्याला मात्र ‘ठेव’ एवढंच पुरे.