गाणे, गाणाऱ्याचे राजकारण आणि ऐकणारे आपण : सीमाभागातले अनुभव

शहापूर, बेळगाव

गेल्या वर्षी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या डीजेवर एक गाणे लागले होते. त्याचा ताल असा होता की पाय जागेवर राहू नयेत, आणि ध्रुवपदात मात्र दुसरी भाषा बोलणाऱ्यांना कापून काढण्याचे शब्द होते. ज्या घरासमोर ट्रॅक्टर अडला, त्या घरातल्या कन्नड काकू दर उगादीला आमच्याकडे होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, पाठवतात. त्यांनी खिडकी लावून घेतली तेव्हा मी नाचत होतो. शब्द कळले नाहीत असे मी म्हणू शकत नाही, कारण ते मला पाठ होते. गायकाची राजकीय मतेही मला आधीपासून ठाऊक होती, आणि ‘मते त्याची, गाणे आपले’ अशी समजूत मी स्वतःची घालत आलो होतो. त्या खिडकीनंतर ती समजूत टिकली नाही. गायकाचे राजकारण किंवा गीतातली हिंसा यांमुळे आपल्या ऐकण्यात काही बदलले असल्यास, प्रत्यक्ष घडलेले प्रसंग कृपया लिहावेत.

खानापूर, निवृत्त संगीत शिक्षिका

माझ्या विद्यार्थ्यांना मी रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराची गोष्ट सांगत असे. त्याने १८५० मध्ये ज्यू संगीतकारांविरुद्ध द्वेषाने भरलेला निबंध टोपणनावाने छापला, आणि पुढे हिटलरला त्याचे संगीत प्रिय झाले. त्यामुळे इस्रायलमध्ये त्याचे संगीत जाहीरपणे न वाजवण्याचा अलिखित नियम झाला. २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद संचालक डॅनियल बॅरनबॉइम यांनी, जे स्वतः ज्यू आहेत, ठरलेला कार्यक्रम संपवून श्रोत्यांना विचारले की वाग्नर ऐकायचा आहे का. बराच वेळ वाद झाला, काही जण रागाने उठून गेले, बाकीचे थांबले आणि मग वादन झाले. मला यातले विचारणे फार महत्त्वाचे वाटते. ज्यांची जखम आहे त्यांना उठून जाण्याची मुभा होती. शहापूरच्या काकू स्वतःच्या घरातून उठून कुठे जाणार होत्या?

निपाणी, विद्यार्थी

मी वसतिगृहात पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला यांना सतत ऐकत असे. २०२२ मध्ये ते पंजाबमधील मानसा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे निवडणूक लढले आणि हरले, पण त्यांच्या पक्षाशी मला काही घेणेदेणे नव्हते. २९ मे २०२२ रोजी त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली, आणि त्या दिवसापासून गाण्यांतल्या बंदुकांचा रुबाब मला रुबाब वाटेनासा झाला. त्याच वर्षी पंजाब सरकारने शस्त्रांचे उदात्तीकरण करणाऱ्या गाण्यांवर बंदी जाहीर केली. परंतु गाणे प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असताना अशा बंदीने फारसे साधेल, असे मला वाटत नाही. मी ती गाणी अजून एकटा ऐकतो. धाकट्या भावासमोर लावत नाही.

वडगाव, बेळगाव

आमचे घर विणकराचे आणि देवभोळे, कम्युनिस्ट तर मुळीच नव्हे. तरीही अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड वडील माग चालवताना म्हणत असत. अण्णा भाऊ लाल बावट्याचे शाहीर होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या छक्कडीत खंडित महाराष्ट्राचे दुःख सांगताना बेळगाव-कारवारचे नाव येते, आणि १९५६ साली आम्ही म्हैसूर राज्यात गेलो याची सल वडिलांना शेवटपर्यंत होती, म्हणून तो भाग ते दोनदा म्हणत. राग त्या गाण्यातही आहे, पण शेजारच्या मागावर बसणाऱ्या कन्नड विणकराला त्याची भीती वाटावी असे त्यात काही नाही. शाहिराचे राजकारण पटले नाही तरी चालेल. त्याचा राग कोणावर रोखलेला आहे, हे मात्र मी पाहतो.

अनगोळ, वकील

रवांडातील गायक सिमोन बिकिंदी यांच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. त्यांच्या गाण्यांचा १९९४ च्या नरसंहाराच्या प्रचारात वापर झाला, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र २००८ मध्ये त्यांना जी १५ वर्षांची शिक्षा झाली, ती गाण्यांसाठी नव्हती. गाडीवरच्या ध्वनिक्षेपकावरून तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला मारण्याची जी चिथावणी त्यांनी दिली, तिच्यासाठी होती. हा निकाल वाचल्यापासून मला घरातले ऐकणे आणि रस्त्यावरचा ध्वनिक्षेपक यांत मोठे अंतर दिसते.

गोकाक माहेर, बेळगाव सासर

माझी मातृभाषा कन्नड आहे. आमच्या गल्लीतही तसेच गाणे वाजले होते. गाणारा कोण, त्याचा पक्ष कोणता, हे मला आजही माहीत नाही. शब्द मात्र एकूण एक कळले, कारण मराठी मी माझ्या सासूबाईंकडून शिकले आहे. त्या वेळी त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता माझा हात धरला आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत तो सोडला नाही.