दिवाळी अंकासाठी मराठी वळणाचा ल आणि श असलेला फॉन्ट सुचवा

कोरीपाटी:
आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदा पूर्ण युनिकोडमध्ये करायचाय, छापील पण आणि फोनवर वाचायला पण. अडचण अशी की गूगल फॉन्ट्सवरचा कुठलाही फॉन्ट लावला की ल हिंदी दांडीवाला येतो आणि श सुद्धा देठाचा येत नाही. मला पाकळीचा ल हवाच आहे, मराठी अंक मराठी दिसायला नको का? गेल्या काही वर्षांत आलेल्यांपैकी कुठला घेऊ? मजकुरासाठी एक, शीर्षकांना एक, आणि बजेट शून्य.

वेलांटीवाला:
मजकुराला टिरो देवनागरी मराठी घ्या, दुसरं काही शोधू नका. जॉन हडसन आणि फिओना रॉस या टाइप डिझायनरांचं काम आहे, मूळ टाइप मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात साहित्याच्या ग्रंथमालेतल्या पुस्तकांसाठी केलेला, नंतर त्याचेच हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्ट गूगलवर फुकट आले. मराठीवाल्यात आपला ल, आपला श आधीपासूनच आहे, काही सेटिंग करावं लागत नाही. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांसारखं भरीव वळण आहे आणि लांब कथा वाचताना ते फार सुखाचं वाटतं. फक्त रेग्युलर आणि इटॅलिकच मिळतो, बोल्ड नाही, आणि कृपा करून बोल्डचं बटण दाबून खोटा बोल्ड करू नका, जोडाक्षरांतल्या मोकळ्या जागा बुजून जातात.

अर्धा_र:
वरचं बरोबर आहे पण दांडीवाला ल का येतो ते पण बघा. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच कोड आहे, आकार फॉन्ट ठरवतो. मुक्ता, नोटो अशा फॉन्टांत मराठी आकार आत असतोच, मजकूर मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की बाहेर येतो. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपी नीट जुळवणारी सेटिंग) लावा आणि कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी करा, वेबपेज असेल तर भाषेचा टॅग एमआर (mr, म्हणजे मराठी) द्या. पण हाच मजकूर कॉपी होऊन दुसरीकडे गेला की टॅग गळतो आणि परत दांडी येते, म्हणून फोनवरच्या अंकात टिरो एम्बेड करणंच, म्हणजे फाइलमध्येच बसवणंच बरं. राज्य सरकारने २००९ च्या वर्णमालेच्या जीआरमध्येच पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलाय, तरी मराठी जाहिराती बघा, सगळीकडे दांडी. याचं मला खरंच वाईट वाटतं.

ठळकमथळा:
शीर्षकांना ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘अनेक’ नावाचा फॉन्ट बघा. २०२२ चा आहे, व्हेरिएबल, म्हणजे एकाच फाइलमध्ये बारीक ते जाड आणि अरुंद ते रुंद सगळं. मराठी मथळे लांब होतात, तिथे ओळ मोडण्यापेक्षा रुंदी थोडी कमी करता येते आणि अक्षर दाबलेलं दिसत नाही. बालविभागाला त्यांचाच बलू २ मस्त दिसेल. लायसन्सची काळजी नको, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, अंक विकला तरी चालतं, नुसता फॉन्ट विकायचा नाही एवढंच.

कोरीपाटी:
खूप आभार सगळ्यांचे! टिरो आणि ‘अनेक’ ठरलं. एकच विचारते, काही लेखकांचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या डीटीपी फॉन्टमध्ये आलाय, तो युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केला तर चालेल ना?

अर्धा_र:
चालेल, पण प्रूफ नीट वाचा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, कन्व्हर्टर तिथेच गडबडतात. रफार पण तसाच इकडचा तिकडे जातो. सगळ्यात जास्त लक्ष ऱ्य आणि ऱ्ह वर ठेवा, दऱ्याचं दर्या झालं तर अर्थच बदलतो. ॲ पण तपासा, काही कन्व्हर्टर अ वर चंद्र वेगळा जोडतात, दिसायला ठीक पण शोधताना शब्द सापडत नाही. कन्व्हर्ट झाल्यावर फाइलमध्ये आधी र्य आणि र्ह शोधा, एकेक ठिकाण डोळ्यांनी बघा, कारण सूर्य, कार्य बरोबरच असतात, तिथे सरसकट बदल मारू नका.