.32 चा परवाना मिळाला: रोज अंगावर बाळगायला पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

सराफकट्टा_सांगली
नमस्कार मंडळी. स्वसंरक्षणासाठीचा परवाना मंजूर झालाय, हत्यार घ्यायचं बाकी आहे. संध्याकाळी दुकान बंद करून रोकड घेऊन निघावं लागतं, कधी गाडीने तर कधी स्कूटरवर. वय साठीच्या पुढे, उजव्या अंगठ्याच्या सांध्यात जोर कमी. पेहराव म्हणजे बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गन हाऊसवाले 'अशनी' हे देशी पिस्तूल सुचवतायत, एक परिचित जुनं वॉल्थर पीपी हे जर्मन पिस्तूल विकायला तयार आहेत, मुलगा म्हणतो रिव्हॉल्व्हरच घ्या. दिसू नये आणि ऐनवेळी चालावं, एवढंच हवंय. काय बघून ठरवू?

बत्तीस_बोअर
आधी परवाना उघडून बघा, त्यावर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही लिहिलंय की एकच. एकच असेल तर दुसरं पसंत करून उपयोग नाही, परवाना शाखेत दुरुस्ती करून घ्यावी लागेल. 9 मिमी प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही, तो विषय सोडा.

बोअर दोन्हींचा .32 म्हणतात, पण काडतूस वेगळं. पिस्तुलाला .32 एसीपी (7.65 × 17), रिव्हॉल्व्हरला .32 एस अँड डब्ल्यू लाँग (7.65 × 23). एकाचं दुसऱ्यात चालत नाही. एसीपीची गोळी साधारण 71 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला 275 ते 300 मीटर. लाँगची 98 ग्रेनची, पण बरीच हळू. ताकदीच्या बाबतीत दोन्ही बेताचीच, त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नका. तुमच्या हाताला काय झेपतं ते बघा.

.32 ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅकवर चालतात. नळी आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकवणारी खाच त्यात नसते. स्फोटाचा धक्का स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा ताण, एवढ्यावरच रोखायचा असतो, म्हणून स्प्रिंग कडक. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड ओढाल तर सांधा बोलणारच. डावा तळवा वरून स्लाइडवर घट्ट ठेवा आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. दुकानात रिकाम्या पिस्तुलावर हे सलग दहा वेळा करून बघा. निम्म्यात हात थरथरायला लागला तर पिस्तूल तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही चपटं आणि देखणं असो.

तेल_आणि_चिंधी
वर सांगितलंय ते बरोबर, पण एसीपीची एक खोड राहिली. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं पुढे सरकतच नाही. नेहमीसारखं मॅगझिनला थाप मारून स्लाइड ओढली तर ते आणखी घट्ट बसतं. मॅगझिन काढून, खालची काडतुसं दाबून, वरचं मोकळं करावं लागतं. भर रस्त्यात हे होणे नाही. म्हणून भरतानाच प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे आहे ना ते बघायचं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांना मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकायला जास्त जागा मिळते, त्यात हा प्रकार जास्त. खडकीच्या कारखान्याची गोल टोकाची साधी काडतुसं यात कमी त्रास देतात.

आता पीपी. पहिला चाप लांब आणि जड, पुढचे हलके. लिव्हर खाली केली की हॅमर (घोडा) सुरक्षित उतरतो, त्यामुळे चेंबर, म्हणजे नळीमागची काडतुसाची जागा, भरून बाळगता येतं. ब्राउनिंग 1910 सारख्या जुन्या पिस्तुलात स्ट्रायकर (काडतुसावर आघात करणारी आतली पिन) ताणलेलाच राहतो आणि त्याला अडवणारा वेगळा खटका नाही. ते चेंबर भरून कमरेला लावू नका, पडलं तर सुटू शकतं. पीपी घेणार असाल तर जादा मॅगझिन मिळतं का विचारा, मॅगझिनचे ओठ वाकलेत का बघा, रिकॉइल स्प्रिंग बदललेली असली तर उत्तम. आयात ऐंशीच्या दशकापासून बंद असल्याने किंमत लाखांत जाते. त्यातला मोठा भाग नावाचा असतो, लोखंडाचा नाही.

कानपूर_मेड
मी मुलाच्या बाजूने. साठीपुढे, सांधा दुखरा आणि महिन्याला सराव होणार नसेल तर रिव्हॉल्व्हर. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर (काडतुसांची गोल चकरी) फिरून पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तिथे दोन्ही हात लागतात. (हे धोक्याच्या वेळेपुरतं. रेंजवर मात्र काडतूस फुटलं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा, उशिराने फुटू शकतं.)

तीन पर्याय. कानपूरची जुनी .32 मधोमध मोडून भरायची, तिचा खटका अंगठ्याने दाबावा लागतो, म्हणजे तुमचा तोच सांधा. 2014 ची 'निर्भीक' सुमारे 500 ग्रॅम, खिशाला सोपी, पण हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त लागतो. 2023 ची 'प्रबल' साधारण 700 ग्रॅम, नळी 76 मिमी, आणि सिलिंडर बाजूला उघडतो. माझं मत 'प्रबल'ला.

घेताना रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर चढवा आणि सिलिंडर हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खडखड नको. सहाही घरांवर हे करा. आणि हॅमर चढवून सिंगल ॲक्शनने नेम धरायची सवय लावू नका. नंतर तो उतरवताना दुखरा अंगठा निसटला तर गोळी सुटते. जड चापच बरा.

सराफकट्टा_सांगली
आभार. म्हणजे रिव्हॉल्व्हरकडे झुकतोय. सिलिंडर जाड असतो ना, शर्टाखाली उठून दिसणार नाही?

बत्तीस_बोअर
दिसतं ते बहुतेक वेळा पट्ट्यामुळे. मऊ पट्टा असला की वजनाने मूठ बाहेर झुकते. ताठ, दुहेरी चामड्याचा, सुमारे 38 मिमी रुंद पट्टा घ्या. होल्स्टर चाप पूर्ण झाकणारं हवं. नुसतं शर्टाखाली खोचणं धोक्याचं आहेच, नियमातही बसत नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. खिशात ठेवायचं तर खिशाचं होल्स्टर घ्या आणि त्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे काही नको.

कमरेच्या मागे मधोमध लावू नका. स्कूटरवर वाकलात की शर्ट वर सरकतो, आणि घसरलात तर सगळा भार मणक्यावर. उजव्या कमरेला लावाल तर गाडीत एक अडचण येते. ड्रायव्हरच्या जागेवर सीटबेल्ट उजवीकडून येतो आणि होल्स्टरवर आडवा पडतो. सीटबेल्ट लावताना शर्टाची कड त्याखालून बाहेर काढून ठेवा, नाहीतर हात तिथे पोचतच नाही.

तेल_आणि_चिंधी
आणि घामाचं बघा. उन्हाळ्यात रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात. जास्त तेल नको, ते काडतुसाच्या टोपीत मुरलं तर बार फुसका जातो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, ओल धरून गंज चढतो. पुढेमागे पिस्तूल घेतलंत तर रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. क्रम उलटा झाला की एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जाऊन बसतं, माणूस मात्र समजतो की रिकामं झालं.

परवाना_शाखा_वारी
कागदाचं थोडं. परिचितांचं पीपी घेणार असाल तर विकणाऱ्याने आधी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यायचे, त्याआधी हातोहात व्यवहार नाही. सांगली असल्याने मिरजेहून पुढे बेळगाव, विजापूरकडे जाणं होत असेल तर परवान्यावर क्षेत्र काय छापलंय ते बघा. फक्त महाराष्ट्र असेल तर हत्यार घरी ठेवून जायचं. आणि चोर पळत सुटला की गोळी चालवायची नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 37 मध्ये बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही, पाठीत लागलेली गोळी कोर्टात समजावून सांगणं फार अवघड जातं.

सराफकट्टा_सांगली
परवाना बघितला, दोन्ही लिहिलंय, क्षेत्र मात्र महाराष्ट्रच. सोमवारी 'प्रबल' हातात घेऊन बघतो, सहाही घरं तपासून.