न्यूरेंबर्गच्या घड्याळांवरचा साप आणि दोऱ्याची भोकं

हस्तिदंती घडीच्या सूर्यघड्याळांवरचा (म्हणजे बिजागरीने जोडलेल्या तळ आणि झाकण अशा दोन पानांच्या, खिशात मावणाऱ्या सूर्यघड्याळांवरचा) साप म्हणजे अनंत काळाचं प्रतीक, असं म्हटलं जातं. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरच्या घड्याळांबाबत तरी ते पटत नाही. तिथे साप ही टुखर घराण्यातल्या कारागिरांची खूण. तसाच मुकुट पाउल राइनमानचा आणि पक्षी हान्स ट्रोशेलचा. ही नाममुद्रा आहे, तत्त्वज्ञान नव्हे.

खरी कारागिरी झाकण आणि तळ यांना जोडणाऱ्या दोऱ्यात आहे. झाकण काटकोनात उघडलं की दोरा ताणला जातो आणि त्याचीच सावली वेळ दाखवते. दोऱ्याचा तळाशी होणारा कोन गावाच्या अक्षांशाइतका हवा, म्हणून झाकणात एकाखाली एक भोकं असतात. खालचं टोक बिजागरीपासून ६० मिमीवर धरलं, तर न्यूरेंबर्गसाठी (सुमारे ४९.५ अंश) भोक ७० मिमी उंचीवर येतं, रोमसाठी (४२ अंश) ५४ मिमीवर. पण नुसतं भोक बदलून भागत नाही, तासरेषाही बदलतात. म्हणूनच तळावर वेगवेगळ्या अक्षांशांची तासवर्तुळं एकात एक कोरलेली दिसतात. दोरा एका अक्षांशाचा आणि वाचन दुसऱ्या वर्तुळावर, असं झालं की दुपारी बाराला सगळं बरोबर दिसतं, पण सकाळच्या आणि दुपारनंतरच्या वेळा चुकतात. दोरा सैल असला तरी सावली वाकते, त्यामुळे संग्रहालयात नवा दोरा ओवलेला नमुना दिसला तर आधी तो कुठल्या भोकातून घेतलाय ते बघा.