९०० वॉट म्हणजे भिंतीतून ९०० नव्हे

मायक्रोवेव्ह किती लिटरचा घ्यावा, कन्व्हेक्शन (गरम हवेवर भाजण्या-बेक करण्याची सोय) हवं की नको, हे वर चर्चेत आलंय ते पटलं. पण '९०० वॉटचाच तर आहे, मिक्सरच्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून चालतो' असंही कुणी लिहिलंय (कन्व्हर्टर म्हणजे मोठ्या पिनांचा प्लग साध्या पॉइंटला बसवणारा जोड), ते कृपया करू नका. ९०० वॉट ही पदार्थाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो १३००-१४०० वॉट ओढतो, कन्व्हेक्शनवर त्याहूनही जास्त. साधा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट.

पंचवटीतला आमचा फ्लॅट जुना, ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंटच नव्हता. मीही कन्व्हर्टरच लावला होता. दीड महिन्यात एकदा वरण गरम करताना जळका वास आला. प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली, कन्व्हर्टरचं भोक वितळून वाकडं झालेलं. सासूबाई शेजारीच भाकरी थापत होत्या; आठवलं की अजून धस्स होतं. मग वायरमनकडून मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर ओढून १६ अँपिअरचा पॉइंट करून घेतला. आता अर्धा तास चालला तरी प्लग गार असतो. मॉडेल ठरवण्याआधी हे काम उरकून घ्या, टाइल्स लावलेल्या भिंतीत झिरी मारायला आमचा अख्खा रविवार गेला.